यादीतल्या सात, परळच्या दोन

२७ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने, म्हणजे एनआयएचने, एक छोटीशी यादी जाहीर केली. मानवी भ्रूणापासून काढलेल्या स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशींच्या, सतत वाढवत ठेवता येणाऱ्या लाइन्स जगात कुणाकडे आहेत आणि किती, याची ती यादी. दहा संस्था, ६४ लाइन्स. सगळ्यांत मोठा आकडा स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठाचा, १९. त्याखालोखाल कॅलिफोर्नियातल्या सायथेरा कंपनीच्या ९. आणि तिसऱ्या क्रमांकावर मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस, ७. आणखी ३ बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसकडे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाकडे ६ होत्या, आणि ज्यांनी हे काम जगात पहिल्यांदा करून दाखवलं त्या विस्कॉन्सिनकडे ५.

या यादीमागे अमेरिकेतलं राजकारण होतं. ९ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे दहा तारखेच्या सकाळी साडेसहाला, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टेक्सासमधून टीव्हीवर भाषण केलं. भ्रूणातून स्टेम सेल काढायच्या तर तो भ्रूण संपतो, म्हणून तिथला मोठा धार्मिक वर्ग या संशोधनाच्या विरोधात होता. पार्किन्सन्स, मधुमेह, मणक्याची दुखापत यांचे रुग्ण आणि त्यांच्या संघटना तितक्याच जोराने बाजूने होत्या. बुश यांनी मधला मार्ग काढला. त्या क्षणापर्यंत ज्या लाइन्सचं काम सुरू झालं असेल, त्यांच्यावरच्या संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल, नव्या भ्रूणाला हात लावलात तर मिळणार नाही. भ्रूण मूल व्हावं म्हणूनच तयार केलेला हवा, त्या जोडप्याच्या उपचारातून उरलेला हवा, संमती समजून-उमजून दिलेली हवी आणि त्यासाठी पैसे दिलेले नकोत, या अटी वेगळ्याच. या चाळणीतून जगभरच्या लाइन्स गाळल्या तेव्हा मुंबईचं नाव वर आलं. आपल्या देशात भ्रूण-संशोधनाचा कायदा नव्हता. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची, आयसीएमआरची, २००० सालची सर्वसाधारण नैतिक मार्गदर्शक तत्त्वं होती, तेवढीच. अशा वेळी ६४ पैकी १० लाइन्स भारताच्या निघाल्या, ही बातमी अभिमानाने छापली गेली.

पण एखादी लाइन ‘तयार आहे’ असं कधी म्हणायचं? ते कळल्याशिवाय मुंबईच्या सातच्या आकड्याचं खरं वजन कळत नाही, म्हणून आधी प्रयोगशाळेत डोकावू.

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोळा असतो, मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान. त्याच्या बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते. आत एका कडेला पेशींचा पुंजका चिकटलेला असतो, त्यातून बाळ. स्टेम सेल मिळतात त्या या पुंजक्यातून. भ्रूणाभोवतीचं पारदर्शक कवच आधी विरघळवायचं, मग बाहेरचा थर काढायचा. त्यासाठी सोल्टर आणि नोल्स यांनी १९७५ साली उंदराच्या भ्रूणावर एक सुंदर युक्ती बसवली होती. बाहेरच्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं सोडायची आणि मागोमाग त्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं. प्रतिपिंडं आतवर पोचलेली नसतात, त्यामुळे बाहेरचा थर फुटतो आणि पुंजका शाबूत राहतो. तो उचलून प्लेटमध्ये आधीच अंथरलेल्या पोषक पेशींवर ठेवायचा. या पोषक पेशींना प्रयोगशाळेत फीडर म्हणतात. किरणांनी किंवा मायटोमायसिन या औषधाने त्यांची वाढ थांबवलेली असते, पण त्या जिवंत असतात आणि वरच्या पाहुण्यांना लागेल ते पुरवत राहतात.

मग वाट बघायची. विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत पुंजका पसरायला नऊ ते पंधरा दिवस लागले. पसरला की सूक्ष्मदर्शकाखाली, ओढून केसासारख्या बारीक केलेल्या काचेच्या नळीच्या टोकाने, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा नव्या फीडरवर ठेवायचा. काही दिवसांनी पुन्हा तेच. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, जवळजवळ रोज बदलायचं, रविवार असो की लक्ष्मीपूजन. ज्या पेशी आपल्या मनाने हृदयाच्या किंवा मज्जासंस्थेच्या वाटेला लागल्या, त्या खरवडून टाकायच्या. घरातल्या विरजणासारखं आहे हे. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात पडलं तरच उद्या दही, आणि एकदा खंड पडला की पुन्हा त्याच चवीचं मिळत नाही. फरक एवढाच की इथे विरजण शेजारणीकडून मागून आणता येत नाही, नवा भ्रूण लागतो.

एवढं करूनही ती लाइन ठरत नाही. महिनोन्‌महिने वाढवल्यावरही पेशीत ४६ गुणसूत्रं जागेवर आहेत का, ऑक्ट-४ आणि नॅनॉगसारख्या खुणा दिसतात का, शरीराच्या तिन्ही मूळ थरांतले ऊतक त्या बनवू शकतात का, हे तपासावं लागतं. त्यासाठी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात त्या टोचतात आणि तयार होणाऱ्या गाठीचे काप काढून बघतात. द्रवनत्रात उणे १९६ अंशांना गोठवून, वितळवून, पुन्हा वाढतात का हेही पाहतात. या सगळ्यातून गेली, आणि दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसाच्या हाताखालीही तशीच वाढली, म्हणजे ती लाइन.

उंदराच्या भ्रूणापासून अशा पेशी १९८१ मध्येच मिळाल्या होत्या. केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन, कॅलिफोर्नियात गेल मार्टिन, दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी. माणसाच्या बाबतीत पुढची सतरा वर्षं कुणाला ते साधलं नाही. मूळचे श्रीलंकेचे आरिफ बोंगसो यांनी सिंगापूरमध्ये १९९४ साली मानवी भ्रूणाचा आतला पुंजका वेगळा करून थोडे दिवस वाढवून दाखवला, पण लाइन टिकली नाही. टिकली ती विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांच्याकडे. ६ नोव्हेंबर १९९८ च्या ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. दान मिळालेले ३६ भ्रूण, त्यांतले २० ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे वर सांगितलेल्या पोकळ गोळ्यापर्यंत, पोचलेले, १४ पुंजके वेगळे काढलेले आणि शेवटी हाती पाच लाइन्स: एच-१, एच-७, एच-९, एच-१३ आणि एच-१४. भ्रूण विस्कॉन्सिनच्या आणि इस्राएलमधल्या हैफाच्या उपचार केंद्रांतून आलेले होते. छत्तिसातून पाच, हे प्रमाण ध्यानात ठेवलं की मुंबईच्या सातच्या आकड्याकडे आदराने आणि सावधपणे, दोन्ही प्रकारे बघावं लागतं.

मुंबईत हे भ्रूण आले कुठून, त्यासाठी परळला जायला हवं. केईएम रुग्णालयाच्या शेजारी, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर, आयसीएमआरची इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन आहे. आज तिचं नाव लांबलं आहे, पण परळ-लालबागकडची जुनी माणसं तिला अजून ‘आयआरआर’च म्हणतात. या संस्थेचे टी. सी. आनंदकुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्टट्यूब बेबी जन्माला आली. महापालिकेच्या रुग्णालयात, सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेच्या आधाराने. देशातली पहिली म्हणून तिची नोंद झाली आणि पुढची अकरा वर्षं तशीच राहिली.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या क्षेत्रात इतका मोठेपणा फार थोड्यांनी दाखवला आहे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच, इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या जन्मानंतर दोनच महिन्यांत, हे यश मिळवलं होतं. तेही गोठवून ठेवलेला भ्रूण वापरून. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, बदल्या केल्या. १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या हस्तलिखित नोंदी आनंदकुमार यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितलं की पहिले मुखोपाध्याय, आपण नव्हे. स्वतःच्या नावापुढचा ‘पहिला’ हा शब्द स्वतःच्या हाताने पुसणारा शास्त्रज्ञ परळला होऊन गेला, याचा मुंबईकराने अभिमान बाळगावा.

मुखोपाध्याय यांनी भ्रूण गोठवला होता, आणि सगळी कथा त्या गोठवण्याशीच येऊन थांबते. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्टट्यूब बेबीच्या उपचारात, बाईला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं देतात, म्हणजे एका पाळीत एकाऐवजी आठ-दहा अंडी तयार होतात. ती काढून फलित करतात. तयार झालेल्या भ्रूणांपैकी एक-दोन गर्भाशयात ठेवतात, चांगले उरलेले गोठवतात, कमी प्रतीचे टाकून देतात. गर्भ राहिला नाही तर गोठवलेले पुन्हा वापरता येतात. राहिला, मूल झालं, घर भरलं, तर ते टाकीत तसेच राहतात. वर्षाकाठी भाडं भरा, म्हणून केंद्राकडून फोन येतो.

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आज आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या सहज दिसतात. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात तो, भोसरीत सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघणारी ती. कुणाची शिफ्ट बदलून घ्यायची, कुणाच्या दुचाकीवर सकाळी सातला सोनोग्राफीला पोचायचं, असं करत उपचार पार पडतात. घरी सासूबाईंना सगळं सांगितलेलं असतंच असं नाही. भ्रूण दान करायचा की नाही, हा प्रश्न अशा घरात येतो. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला समोर शंभर पेशी दिसतात. त्या जोडप्याला दिसतो तो साठवलेला पगार, बुडालेल्या रजा आणि दोनदा ऐकलेलं ‘या वेळी नाही झालं’. म्हणून संमतीच्या कागदाला मी या इतिहासात सूक्ष्मदर्शकाइतकंच महत्त्व देतो.

आता पुन्हा २००१ कडे. रिलायन्स लाइफ सायन्सेस नुकतीच उभी राहत होती आणि जसलोक रुग्णालयातल्या नामवंत वंध्यत्वतज्ज्ञ डॉ. फिरुझा पारीख तिच्या या कामाशी जोडलेल्या होत्या. यादी आली, परदेशी पत्रकार मुंबई-बंगळूरला धडकले, आणि काही आठवड्यांतच खरं चित्र पुढे आलं. यादीतल्या कितीतरी लाइन्स अजून लाइन झालेल्याच नव्हत्या. कुठे नुसता पुंजका प्लेटवर ठेवलेला होता, कुठे पहिल्या एक-दोन पिढ्या गोठवून ठेवलेल्या होत्या. बुश यांच्या अटीत ‘काम सुरू झालेलं असावं’ एवढंच होतं, ‘लाइन उभी राहिलेली असावी’ असं नव्हतं. त्यामुळे हा दोष एकट्या मुंबईचा नव्हता. सर्वाधिक १९ लाइन्स ज्यांच्या नावावर होत्या त्या गोटेनबर्गकडूनही शेवटी दोनच शास्त्रज्ञांच्या हाती पडल्या. पुढच्या काही वर्षांत ६४ चा आकडा वाढून ७० च्या पुढे गेला, पण मागणी केल्यावर प्रत्यक्ष मिळू शकतील अशा लाइन्स २१-२२ च्या पुढे कधी गेल्या नाहीत. त्यांत भारताची एकही नव्हती.

रिलायन्सने काम सोडलं नाही. नवी मुंबईत रबाळ्याला त्यांची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि २००६ साली ‘डिफरन्सिएशन’ या नियतकालिकात तिथल्या चमूने रेलिसेल-एचईएस-१ या लाइनची रीतसर ओळख छापली. रीतसर म्हणजे गुणसूत्रं, खुणा, तिन्ही थर, सगळं दाखवून. यादीतल्या सातच्या आकड्यापेक्षा या एका लेखाला मी जास्त मानतो.

दरम्यान जगात एक नवीच अडचण उभी राहिली होती. सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या लाइन्स उंदराच्या फीडरवर वाढवलेल्या होत्या आणि मीडियममध्ये वासराच्या रक्ताचं सीरम असे. २००५ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत अजित वर्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा मानवी स्टेम सेलच्या पृष्ठभागावर प्राण्यांतला एक शर्करा-अंश येऊन बसतो, आणि माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं तो ओळखतात. म्हणजे उद्या या पेशी रुग्णाला दिल्या तर शरीर त्यांना परकं ठरवून मारू शकतं. उंदराचा थर नको, माणसाचा हवा, हे सगळ्यांना कळून चुकलं.

परळला, आनंदकुमारांच्याच संस्थेत, डॉ. दीपा भारतीय यांच्या प्रयोगशाळेने नेमकं हे केलं. संस्थेतच तयार केलेल्या मानवी पेशींचे फीडर त्यांनी वापरले. भ्रूण मुंबईतल्या आयव्हीएफ केंद्रांतून, जोडप्यांच्या लेखी संमतीने आले. शोधनिबंधाच्या लेखकांत इंदिरा हिंदुजा आहेत, कुसुम झवेरी आहेत; १९८६ च्या त्या जन्मातली ही माणसं. टेस्टट्यूब बेबी घडवणारे हात आणि स्टेम सेलची लाइन काढणारे हात इथे एका कागदावर आले. २००९ साली ‘स्टेम सेल्स अँड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात दोन लाइन्स जाहीर झाल्या: काइंड-१ आणि काइंड-२.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, बंगळूरहून आणखी दोन लाइन्सची नोंद आली. जवाहरलाल नेहरू सेंटरच्या डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटाच्या बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२०. एकाच जोडप्याच्या भ्रूणांपासूनच्या, म्हणजे सख्ख्या भावंडांसारख्या. यात मला सर्वांत भिडतं ते असं की हे भ्रूण तिसऱ्या प्रतीचे होते, गर्भाशयात ठेवायला किंवा गोठवायला नालायक ठरवून टाकून द्यायचे. ज्यांच्यातून मूल होण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती, त्यांच्यातून वर्षानुवर्षं वाढणाऱ्या दोन लाइन्स निघाल्या. चांगल्या भ्रूणावर डोळा ठेवण्याची गरज नाही, हेही त्यातून आपसूक सिद्ध झालं. इनामदारांनी त्या ब्रिटनच्या स्टेम सेल बँकेतही ठेवल्या, जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला मागता याव्यात म्हणून. २००१ मध्ये जे दहा लाइन्सना जमलं नाही, ते या दोघींनी केलं.

भारतातल्या लाइनची जगाला गरज काय, एच-९ आहेच की, असं कुणी विचारेल. २०१० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी वापरात असलेल्या ४७ लाइन्सचा वंश जनुकांवरून तपासला. बहुतेक युरोपीय वंशाच्या निघाल्या, पूर्व आशियाच्या दोन, आफ्रिकी मुळाची एकही नाही. औषध कुणाला लागू पडतं, रोपण कुणाच्या शरीरात टिकतं, हे वंशागणिक बदलतं. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला पस्तिशीत मधुमेह होणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी जगातल्या ३८ प्रयोगशाळांनी मिळून मानवी भ्रूणाच्या १२५ लाइन्स तपासल्या, मुद्दाम वेगवेगळ्या वंशांच्या. लांब काळ वाढवलेल्या पेशींत विसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा पुनःपुन्हा वाढलेला सापडला, आणि तो कर्करोगाशी नातं सांगणारा आहे. रुग्णाला पेशी देण्याआधी काय तपासायचं, हे त्या कामामुळे कळलं. इनामदार यांचा गट त्यात होता. परळला काइंड लाइन्सवर हृदयाच्या आणि स्वादुपिंडाच्या पेशी घडवण्याचे प्रयोग पुढे कित्येक वर्षं चालले.

आणि आमचा पुणे-पिंपरीचा पट्टा? इथे भ्रूणाची लाइन निघाली नाही, पण लाइन जतन करण्याची शिस्त देशाला इथूनच मिळाली. १९८६ साली पुण्यात पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा मंजूर झाली. सुरुवात पौड रस्त्यावर, पुढे विद्यापीठाच्या आवारात, आणि आज तिला नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, एनसीसीएस, म्हणतात. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींच्या लाइन्स इथल्या भांडारातून जातात. तिथे डॉ. रमेश भोंडे यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर आणि मूळपेशींवर आयुष्यातला मोठा काळ काम केलं. बंगळूरला मणिपालच्या संस्थेत जाऊन ते परत आले ते पिंपरीत, संत तुकारामनगरच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठात. तिथल्या प्रयोगशाळेत काम चालतं ते नाळ, वार, दाताचा गर यांतून मिळणाऱ्या पेशींवर. एरवी कचऱ्यात जाणाऱ्या या गोष्टी आहेत आणि त्यांसाठी भ्रूण संपवावा लागत नाही. पण त्या पेशींना सगळं काही बनता येत नाही. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६-०७ मध्ये साध्या त्वचेच्या पेशीला उलटं भ्रूणासारखं करून दाखवलं आणि २०१२ चं नोबेल घेतलं, तेव्हा भ्रूणाची गरजच संपली असं अनेकांना वाटलं. संपलेली नाही. २०२५ साली ‘नेचर’मध्ये पार्किन्सन्सच्या १२ रुग्णांच्या मेंदूत स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी सोडल्याचा पहिल्या टप्प्याचा अहवाल आला. त्या पेशी एच-९ च्या होत्या, थॉमसन यांच्या १९९८ च्या कामासाठी कुणीतरी दिलेल्या एका भ्रूणाच्या.

पिंपरीला सजीव वाढवून औषध करण्याची सवय जुनी आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे उभी राहिली ती बुरशीतून पेनिसिलिन काढायला. आज चाकणच्या एन्झीनसारख्या कारखान्यात जैव-औषधं बनतात. जगभरातली बहुतेक प्रतिपिंड-औषधं ज्या पेशींत तयार होतात, त्या १९५७ च्या सुमारास एका चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशातल्या आहेत. ती लाइन वेगळी करणाऱ्या थिओडोर पक यांनी ती स्वतःच्या कपाटात ठेवली असती तर यातलं काही झालं नसतं. म्हणून माझा निकाल स्पष्ट आहे: २००१ च्या दहा लाइन्सनी भारताला मथळे मिळवून दिले, २००९ च्या चार लाइन्सनी विज्ञान दिलं.

मधल्या काळात नियमही आले. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची स्टेम सेलविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २००७ ची, पुढे २०१३ आणि २०१७ ला सुधारलेली. भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, त्याची विक्री नाही, नव्या लाइनसाठी संस्थेच्या समितीची परवानगी. शीर्षकातला ‘उपचार’ हा शब्द २०१३ ला मुद्दाम काढून टाकला, कारण देशभर स्टेम सेलच्या नावाने दुकानं उघडली होती. रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर चाचणीबाहेर स्टेम सेल देणं गैर आहे, असं २०१७ ची तत्त्वं स्वच्छ सांगतात. गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर इंजेक्शन विकणारा कुणी भेटला तर त्याला हेच दाखवा.

२०२१ च्या एआरटी, म्हणजे साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या, कायद्याने गोठवलेल्या भ्रूणाचा प्रश्न थेट घरात आणला आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. २०२२ च्या जानेवारीत कायदा लागू झाला. म्हणजे येत्या काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण, राजगुरुनगर इथल्या कितीतरी जोडप्यांसमोर तो कागद येईल.

तो आला तर ऐनवेळी, दवाखान्याच्या टेबलावर सही करू नका. घरी न्या, दोघांनी बसून वाचा. भ्रूण कुठल्या संस्थेला जाणार, तिची नोंदणी आहे का, नीतिसमितीची परवानगी आहे का, लाइन तयार झाली तर ती इतर शास्त्रज्ञांना मिळणार का, तुमचं नाव गुप्त कसं राहणार, आणि मत बदललं तर कधीपर्यंत सांगता येईल, हे विचारा. नाही म्हणालात तर उपचारात काही फरक पडता कामा नये. आणि या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, मनाला पटलं, तर द्या.